ठाण्यातून एका दिवसाच्या घाटसहलीसाठी भाड्याची गाडी : स्वतः चालवण्याच्या सेवेचे परीक्षण

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला सह्याद्री अगदी जवळ आहे. माळशेज, कसारा आणि जव्हार या तीनही दिशांचे रस्ते आपल्या शहराच्या तोंडाशीच फुटतात आणि मुंबईकराला जो पहिला तासभर शहरातून बाहेर पडण्यात घालवावा लागतो, तो आपला वाचतो. अडचण असते ती वाहनाची. या तीनही दिशांना एसटी जाते, पण ज्या वळणावर थांबावेसे वाटते तेथे ती थांबत नाही आणि परतीच्या गाडीच्या वेळेवर लक्ष ठेवण्यातच दिवस आखडतो. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, किंवा आहे ती घरातल्या सगळ्यांना पुरत नाही, अशा कुटुंबांसाठी स्वतः चालवायची भाड्याची गाडी हा पर्याय आता ठाण्यात सहज मिळतो. मोबाइल ॲपवरून गाडी देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत, तसेच घोडबंदर रस्ता, माजिवडा, ऐरोली या भागांत चार-सहा गाड्या बाळगून हा व्यवसाय करणारे स्थानिक मालकही आहेत. आम्ही दोन्ही प्रकारच्या सेवा घेतल्या आहेत. हे परीक्षण कोणा एका कंपनीचे नसून या सेवेच्या प्रकाराचे आहे, त्यामुळे नावे घेतलेली नाहीत.

माझे मत आधीच सांगतो. सेवा चांगली आहे आणि पैसे वसूल होतात, पण त्यासाठी एक अट पाळावी लागते. गाडी सहलीच्या दिवशी सकाळी न घेता आदल्या संध्याकाळी घ्यावी. सकाळी आठ ते रात्री आठ असे बारा तासांचे भाडे स्वस्त दिसते आणि बहुतेक जण त्याच आकड्याला भुलतात. प्रत्यक्षात गाडी हातात येऊन, कागदपत्रे आणि फोटो होऊन निघायला साडेआठ वाजतात. तोवर माजिवड्यापासून वडप्यापर्यंतचा रस्ता भरून गेलेला असतो, कारण या पट्ट्यात न्हावा शेवा बंदराकडून भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर, नाशिककडे जाणारी वाहने आणि शहरातली रोजची रहदारी एकत्र येते, आणि रस्ता रुंद करण्याचे काम २०२१ पासून कित्येक वर्षे रेंगाळल्याने त्यात भरच पडली आहे. पहाटे पाचला निघाल्यास अवजड वाहने तेव्हाही भेटतात, पण रांग पुढे सरकत राहते. आदल्या संध्याकाळी सातला गाडी घेऊन चोवीस तासांचे भाडे भरले, तर दिवसाचा सर्वांत चांगला भाग, म्हणजे सकाळी सहा ते दहा, घाटात घालवता येतो. छोट्या गाडीचे चोवीस तासांचे भाडे साधारण दोन ते तीन हजार रुपयांच्या घरात असते आणि बारा तासांच्या भाड्यापेक्षा ते जितके जास्त असते, ती रक्कम या पहाटेसाठी द्यायला मला कधीच जड वाटलेली नाही. फक्त सोसायटीत पाहुण्यांच्या गाड्यांच्या जागेत रात्रभर गाडी ठेवता येईल का, हे आधी सचिवांना विचारून ठेवावे. आमच्याकडे रखवालदाराच्या वहीत क्रमांक नोंदवला की काम होते, पण सगळीकडे तसे नसते.

गाडी ठरवताना पहिली गोष्ट पाहायची ती क्रमांकाची पाटी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असते आणि तिच्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कमी भाड्यात देणारे लोक ठाण्यात पुष्कळ आहेत आणि ते ‘कोणी विचारले तर मित्राची गाडी म्हणून सांगा’ असा सल्लाही देतात. खासगी वापरासाठी नोंदलेली गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. घाटरस्त्यावर घरची माणसे सोबत असताना हा धोका पाच-सातशे रुपये वाचवण्यासाठी कोणीही पत्करू नये, असे मी कळकळीने सांगेन. विमा, पीयूसी आणि फिटनेस यांच्या मुदती गाडीच्या क्रमांकावरून एम-परिवहन ॲपवर पाहता येतात; तेवढे पाहूनच आगाऊ रक्कम द्यावी.

गाडी ताब्यात घेण्याचा अर्धा तास हा या सेवेतला खरा कसोटीचा भाग आहे. स्थानिक मालकांचा आमचा अनुभव येथे उजवा ठरला. गाडी घेऊन येणारा मुलगा स्वतःच म्हणाला, “काका, स्टेपनी आणि जॅक पण बघून घ्या, घाटात माझी आठवण नको यायला,” आणि त्याने डिकी उघडून पाना, जॅक, धोक्याचा त्रिकोण सगळे दाखवले. एका ॲपवरच्या सेवेत मात्र गाडी ठरल्या वेळेनंतर दीड तासाने आली, मागच्या दोन टायरांची नक्षी जवळजवळ झिजलेली होती, आणि ग्राहक सेवेच्या क्रमांकावर पर्यायी गाडीबद्दल कोणीही ठाम उत्तर दिले नाही. पावसाळ्यात अशा टायरांवर माळशेज चढणे योग्य नव्हे, म्हणून ती गाडी आम्ही परत पाठवली. पैसे परत मिळाले, पण रविवार वाया गेला. टायर, वायपर, समोरच्या काचेवरची वाफ घालवणारी हवा, दोन्ही हेडलाइट, हॅन्डब्रेक आणि स्टेपनीतली हवा या गोष्टी संध्याकाळच्या उजेडात पाहून घ्याव्यात. आदल्या दिवशी गाडी घेण्याचा हाही एक फायदा, कारण काही उणे निघाले तर गाडी बदलून घ्यायला रात्र हाताशी असते. सोबत गाडीभोवती फिरून एक सलग चित्रफीत काढावी, तिच्यात इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यावा, आणि ती तेथेच मालकाला पाठवावी.

किलोमीटरच्या मर्यादेबद्दल उगीच भीती असते. चोवीस तासांना साधारण तीनशे किलोमीटर मोफत आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला जादा आकार, अशी रचना बहुतेक ठिकाणी दिसते. ठाण्याहून माळशेजला जाऊन येणे यात सहज बसते, जव्हारही बसते. भंडारदरा मात्र जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास जातो आणि धरणाभोवती फिरल्यास मर्यादा ओलांडली जाते. तो जादा आकार आधीच हिशेबात धरावा आणि शेवटच्या टप्प्यावरून मर्यादेच्या भीतीने गाडी माघारी वळवण्याचा मोह टाळावा. इंधनाच्या बाबतीत माझी पसंती पेट्रोल किंवा डिझेलला आहे. सीएनजीवर पैसे वाचतात, पण टाकीमुळे डिकीत सामानाला जागा उरत नाही, चार-पाच माणसे घेऊन चढणीवर गाडीचा दम कमी पडतो, आणि मुरबाड किंवा वाड्याच्या पुढे गॅसच्या पंपावर विसंबून राहता येत नाही. गाडीचा तळ जमिनीपासून जितका उंच तितके बरे, हे जव्हारच्या रस्त्यावर फार चांगले कळते.

आता रस्त्यांविषयी.

भंडारदऱ्याला जाताना नाशिक महामार्ग की समृद्धी महामार्ग, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. आमणे भिवंडी तालुक्यात आहे, म्हणजे ठाणेकराला वडपे ओलांडले की हा रस्ता लागतो, आणि इगतपुरीजवळच्या सुमारे पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट पूर्णपणे टळतो. वेळ नक्कीच वाचतो. परंतु सहलीला निघालेल्या माणसाने सकाळी घाट टाळून काय साधायचे? माझा सल्ला असा की जाताना जुन्या महामार्गाने आसनगाव, शहापूर, कसारा असे जावे, घाटात उजेड होताना पोचावे, आणि परतताना, जेव्हा चालवणारा दमलेला असतो आणि बाहेर दिसण्यासारखे काही उरलेले नसते, तेव्हा समृद्धीने यावे. समृद्धीवर चढण्यापूर्वी टायरमधली हवा पुन्हा एकदा तपासावी, कारण काँक्रीटच्या लांबच लांब सरळ रस्त्यावर टायर तापतात. शिवाय भाड्याच्या गाड्यांत जीपीएस बसवलेले असते आणि ठरावीक वेगापलीकडे गेल्यास दंड आकारण्याचे कलम अनेक करारांत असते. ते कलम मला सेवेच्या गुणांतच धरावेसे वाटते.

शहापूर तालुक्यातून जाताना एक गोष्ट मनातून जात नाही. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणे याच तालुक्यात आहेत, आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरने पाणी पोचवावे लागते. मे महिन्यात या रस्त्याने गेल्यास डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेने चालताना दिसतात. आपण गाडीत पाण्याच्या बाटल्यांचा खोका टाकून धबधबा पाहायला निघालेलो असतो, तेव्हा हे दिसलेले बरे.

घोटीला महामार्ग सोडून उजवीकडे वळले की खरी सहल सुरू होते. बारी गावाजवळून जाणारा हा रस्ता कळसूबाईच्या पायथ्याने जातो. १,६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातले हे सर्वोच्च शिखर गाडीच्या काचेतून इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्याही रस्त्यावरून दिसत असेल असे मला वाटत नाही, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर. प्रवरा नदीवरचे विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचे धरण, १९२६ साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाच्या काठाने रतनवाडीपर्यंत गाडी जाते. तेथले अमृतेश्वराचे प्राचीन शिवमंदिर, त्यावरचे कोरीवकाम आणि मागे उभा रतनगड यांसाठी किमान दीड तास राखून ठेवावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना चढउतार न करता गाडीतून थेट देवळापाशी उतरता येते, हे माझ्या आईच्या दृष्टीने या सहलीचे सर्वांत मोठे सुख होते. रंधा धबधबा धरणापासून जवळच आहे. काजवे पाहण्यासाठी मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला येथे गर्दी होते, पण तो एका दिवसाच्या सहलीचा विषय नाही. रात्री उशिरा अपरिचित गाडी घेऊन घाट उतरण्याचा हट्ट कोणी करू नये.

जव्हारची वाट मात्र मला या सगळ्यांत अधिक प्रिय आहे, आणि भाड्याची गाडी जर एकदाच घ्यायची असेल तर ती जव्हारसाठी घ्यावी असे मी म्हणेन. भिवंडी, अंबाडी, वाडा, विक्रमगड असा हा रस्ता आहे. भिवंडी ते वाडा हा भाग पावसाळ्यात खड्ड्यांनी त्रास देतो. तेथे घाई करू नये आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली गाडी घालून मोजू नये, कारण गाडीच्या तळाला झालेले नुकसान बहुतेक करारांत ग्राहकाच्या माथी येते. वाड्यापासून पुढे दोन्ही बाजूंना भातशेती सुरू होते. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम तांदूळ येथलाच, आणि आवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या माणसांच्या रांगा पाहिल्या की घरातल्या मुलांना तांदळाच्या पिशवीवरचे नाव प्रथमच खरे वाटते.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आणि जुने ठाणेकर आजही त्याला ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ म्हणतात. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, सूर्यास्ताची जागा आणि १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराजांनी मुक्काम केला असे सांगितले जाणारे शिरपामाळ, ही सगळी ठिकाणे गावाच्या आसपास आहेत. दाभोसा धबधबा गावापासून थोडा दूर आहे आणि सुमारे तीनशे फूट खाली कोसळतो. पावसाचा जोर असताना तो वरूनच पाहावा. वारली चित्रकला ज्या घरांच्या भिंतींवर वाढली ती घरे याच पट्ट्यात आहेत, आणि रंगवलेले कापड वा कागद थेट कलाकाराकडून घेता येतो. किमतीवरून घासाघीस करू नये, एवढी माझी विनंती आहे. ज्या जव्हार-मोखाड्याची नावे आपण वर्षानुवर्षे कुपोषणाच्या बातम्यांत वाचली, तेथे गेल्यावर जेवण आणि नाश्ता गावातल्याच खानावळीत घ्यावा, शहरातून डबे भरून नेऊ नयेत.

परतताना आल्या वाटेने न येता खोडाळ्यावरून विहीगाव आणि कसारा असे यावे. हा रस्ता अरुंद आहे, साइडपट्टी कित्येक ठिकाणी खचलेली असते, समोरून एसटी आली की एकाने थांबावे लागते, आणि मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. पण सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरल्यावर, या रस्त्याच्या दोन्ही अंगांना माळांवर जी पिवळी फुले उमलतात, आणि वळणावळणाला खाली जी वैतरणेच्या खोऱ्याची हिरवी दरी उघडते, तशी शांत आणि मोकळी वाट माळशेजला गर्दीमुळे आता मिळत नाही. स्वतः चालवत असल्याचे मोल येथे कळते. दहा ठिकाणी थांबले तरी कोणी घड्याळाकडे पाहत नाही आणि कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. विहीगावचा धबधबा पाहून कसाऱ्याला महामार्ग गाठला की घर दोन तासांच्या अंतरात येते.

माळशेज सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दल थोडेच लिहितो. शहाडचा पूल पहाटे ओलांडला की मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत वैशाखरे गाठता येते. तेथेच नाणेघाटाचा पायथा आहे. सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण पाहण्यासाठी येथून चढून जावे लागते. ज्यांना चढणे शक्य नाही त्यांनी माळशेज ओलांडून जुन्नरच्या बाजूने गाडीने वर जावे, पण मग त्या दिवशी दुसरे काही ठरवू नये. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी माळशेजचा घाट टाळलेला बरा. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, दरडी येतात, आणि धबधब्यांच्या परिसरात प्रशासनाचे मनाईहुकूम लागू असतात. मधल्या वारी पहाटे गेल्यास तोच घाट वेगळा वाटतो, आणि उतरताना मुरबाडच्या रस्त्यावर आदिवासी बायका विकायला बसलेल्या असतात त्यांच्याकडची कर्टोली घेता येतात. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. भाड्याच्या गाडीच्या ब्रेकचा इतिहास आपल्याला माहीत नसतो.

अलिबाग, कर्नाळा या दक्षिणेकडच्या बाजूंसाठी ठाण्यातून ही सेवा घेण्यात फारसा अर्थ नाही. मुंब्रा बाह्यवळण आणि शिळफाटा येथेच उत्साह संपतो, आणि त्या दिशेला जायचे असल्यास गाडी वाशी वा पनवेलला घ्यावी.

चालक हवा असेल तर पिवळ्या पाटीची गाडी घ्यावी लागते. तिचा हिशेब वेगळा असतो. शहराबाहेरच्या प्रवासासाठी दिवसाला किमान अडीचशे ते तीनशे किलोमीटरचे पैसे धरले जातात, त्यावर चालकाचा भत्ता, आणि परतायला रात्र झाली तर जादा आकार. ज्या घरात घाटात गाडी चालवण्याचा सराव कोणालाच नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा. नवा परवाना हातात आलेल्या मुलाला पहिला सराव म्हणून भाड्याची गाडी देऊन कसाऱ्याला पाठवणे धोक्याचे आहे, आणि पुष्कळ सेवा परवान्याला किमान एक वर्ष झालेले असावे अशी अट घालतात ती योग्यच आहे.

टोलबद्दल दोन गोष्टी. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरचे पाचही टोलनाके हलक्या वाहनांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून मोफत आहेत, त्यामुळे मुलुंड किंवा ऐरोलीच्या पलीकडून गाडी घेतली तरी खर्च वाढत नाही. मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजार रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास फक्त खासगी गाड्यांसाठी आहे, काळ्या पाटीच्या गाडीला तो चालत नाही. टोल मालकाच्या फास्टॅगमधून कापला जातो आणि नंतर आपल्याकडून वसूल होतो.

गाडी परत देताना घेतानाइतकाच वेळ द्यावा. एका सेवेने आमच्याकडे मागच्या बंपरवरच्या ओरखड्याचे पैसे मागितले, तेव्हा ताब्यात घेतानाची चित्रफीत दाखवल्यावर ती मागणी लगेच मागे घेतली गेली. गाडी धुवून द्यायची की नाही, हे करारात पाहावे. जव्हारहून आलेली गाडी चिखलाने माखलेली असते आणि धुण्याचा आकार काही ठिकाणी अवास्तव लावला जातो, त्यापेक्षा घोडबंदर रस्त्यावर वाटेतच पाण्याचा फवारा मारून घेणे स्वस्त पडते. अनामत रक्कम लगेच न देता टोल आणि दंडाची ई-चलने तपासून मग परत करण्याची पद्धत आहे, आणि ती गैर नाही, पण किती दिवसांत परत करणार हे लेखी घ्यावे. चलन आलेच, तर त्यावरची तारीख, वेळ आणि ठिकाण पाहूनच पैसे द्यावेत. त्या वेळी गाडी आपल्याकडे होती की नव्हती, हे परत देतानाच्या पावतीवरच्या वेळेवरून ठरते, म्हणून ती पावती किमान दोन-तीन महिने जपून ठेवावी.